टाकी मुरताना : दोन फुटी टँकच्या नोंदी

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

पोरीचा वाढदिवस. चोपड्याहून तिचा मामा आला तोच काखेत दोन फुटी काचेचा टँक आणि हातात पाण्याने फुगलेली पिशवी घेऊन. पिशवीत दोन गोल्डफिश, चार काळ्या मॉली. सोबत रंगीत खडी, मोटरवाला छोटा फिल्टर आणि खाद्याची डबी. आधी टँक, मग महिन्याने मासे, असा खरा क्रम. मला तो अर्धवट माहीत होता, पण पंधरा पोरं केक सोडून पिशवीभोवती जमलेली असताना सांगणार कुणाला? दुकानदाराने मामाला ‘आजच भरा, आजच सोडा’ म्हणून पाठवलेलं. सोडले.

माप २४ × १२ × १५ इंच. वर दोन इंच मोकळं, खाली दोन इंच खडी. खडीच्या फटींतलं धरून हिशेबाने ५५ लिटर पाणी. पाणी घरच्या बोअरचं.

मी दालमिलमध्ये मेंटेनन्सला आहे. नवीन मशीन बसलं की पहिल्या दिवसापासून लॉगबुक, ही सवय. म्हणून ही वही.

१८ फेब्रुवारी

दोन रात्री वाचून काढलं. सार असं : मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. उरलेलं खाद्य कुजलं की तोच. नदीत तो वाहून जातो, काचेच्या पेटीला मोरी नाही. बॅक्टेरियाची एक जात अमोनियाचं नायट्राइट करते. तेही विषच. दुसरी जात नायट्राइटचं नायट्रेट करते, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि बादलीने बाहेर काढता येतं. हे बॅक्टेरिया पाण्यात फार तरंगत नाहीत, स्पंजला, खडीला, काचेला चिकटून राहतात, आणि वाढतात अगदी सावकाश. दोन्ही जाती बसायला चार ते सहा आठवडे.

मिलच्या भाषेत सांगायचं तर माल उचलणारा पहिला एलिव्हेटर अजून बसतोय, दुसऱ्याची ऑर्डरही गेलेली नाही, आणि माल मात्र वरून पडायला लागलाय.

रिकामा टँक असता तर बाहेरून अमोनिया टाकून हे सगळं मासे नसताना करता आलं असतं. आता मासे आहेत. बॅक्टेरियाला खायला थोडं उरलं पाहिजे आणि माशांचे कल्ले जळता कामा नयेत, या दोहोंमधल्या बोळातून महिना काढायचा. खाद्य आजपासून एक वेळ, एका चिमटीचंही अर्धं. टेस्ट किट ऑनलाइन मागवलं. सगळे मासे मिळून जेवढ्याचे, त्याच्या कितीतरी पट किट महाग. हिला किंमत सांगितलेली नाही.

१९ फेब्रुवारी

पाणी ताकासारखं पांढरं. आई पारोळ्याकडची, तिने काचेला नाक लावून विचारलं, ‘‘हाई काय शे? दूध टाकं का कोनी यामा?’’

दुकानदाराला फोन केला. म्हणाला, सगळं पाणी फेका, खडी आणि फिल्टर नळाखाली धुऊन काढा. नाही केलं. हा पांढरेपणा वेगळ्याच बॅक्टेरियांचा, उष्ट्या खाद्यावर फुगणाऱ्यांचा. तो आपोआप बसतो. फिल्टर नळाखाली धुतला तर हवे ते चार बॅक्टेरिया आले असतील तेही जातील.

२० फेब्रुवारी, गुरुवार

किट आलं. पाच मिलि पाणी, थेंब मोजून टाकायचे, पाच मिनिटं थांबून कार्डावरच्या रंगाशी जुळवायचं. अमोनियाचा रंग पिवळ्यापासून हिरव्याकडे जातो. रात्री ट्यूबलाइटखाली मला पोपटी दिसला, हिला पिवळा. दोघं नळी घेऊन ओट्याजवळच्या बल्बखाली गेलो तर तिसराच रंग. यापुढे रीडिंग सकाळी गच्चीच्या दारात, उन्हाच्या उजेडात, नळी पांढऱ्या कागदाला टेकवून.

अमोनिया १.० पीपीएम, म्हणजे दहा लाखात एक भाग. नायट्राइट ०. पीएच ८.२. तापमान २६.

पीएचने झोप उडवली. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक मोकळा, तो माशाला मारतो, आणि दुसरा अमोनियम, तो तितका जाळत नाही. किट दोन्ही मिळून दाखवतं. पीएच ७ ला, २६ अंशांना मोकळा अमोनिया शंभरात एक भागही नाही. पीएच ८.२ ला शंभरात जवळपास नऊ. म्हणजे मऊ पाण्याच्या गावातल्या माणसाचा १ पीपीएम आणि आमचा १ पीपीएम एक नव्हे, आमचा त्याच्या दहापटीहून जास्त. मोकळा अमोनिया ०.०२ च्या आत ठेवावा असं म्हणतात. आमच्याकडे ०.०९ निघतो.

मॉली वरच्या पातळीला तोंड लावून आहेत. एकीचे कल्ले लालभडक. रात्रीच निम्मं पाणी बदललं.

२१ फेब्रुवारी

सकाळी ०.५. पुन्हा निम्मं. संध्याकाळी ०.२५.

या वेळी नळाचं पाणी घातलं. आमच्याकडे वाघूर धरणाचं पाणी येतं, दोन दिवसांआड, म्हणून गच्चीवरच्या उघड्या ड्रममध्ये साठलेलं असतं. साठून साठून त्यातलं क्लोरीन उडालेलं असतं. दोन दिवसांआड येणाऱ्या नळाचा हा एवढाच फायदा आजवर सापडला. याचा पीएच ७.८. बोअरमध्ये मिसळून टँकचा झाला ८.०. मोकळा अमोनिया शंभरात नऊवरून सहाच्या आत आला.

बोअर पूर्ण बंद करणार नाही. बॅक्टेरिया अमोनिया खाताना पाण्यातला क्षारपणाही खातात, एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साधारण सात मिलिग्रॅम. मऊ पाण्यात तो संपतो, पीएच घसरतो आणि बॅक्टेरिया काम सोडून बसतात. आमच्या बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर बोटभर पापुद्रा चढतो, तिथे क्षार संपायची भीती नाही. ज्या पाण्याने मासे मरणार तेच बॅक्टेरियाला पोसणार, म्हणून निम्मं-निम्मं. मॉलीही जड पाण्यात खूश असतात.

२३ फेब्रुवारी, रविवार

दोन कामं.

गोल्डफिश दिले. दोनच, पण घाण सहांची करतात, आणि वाढून वीतभर होणारा मासा दोन फुटी टँकमध्ये ठेवणं म्हणजे बैल बाथरूममध्ये बांधणं. मिलमधल्या ऑपरेटरचा आसोद्याला मळा आहे, तिथे सिमेंटचा मोठा हौद. पोरीला घेऊन गेलो. सोडताना रडली, मग हौदात आधीच असलेले गप्पी मासे पाहून गप्प झाली. डासांसाठी मलेरियावाले सोडून जातात तेच. येताना हौदातली हायड्रिला पिशवीभर आणली. झाडं अमोनिया थेट खातात. दोन पाण्यांत धुतली, तरी गोगलगाय येणारच.

दुसरं, मोटरचा फिल्टर काढून स्पंज फिल्टर लावला, एअर पंपावरचा. स्पंज म्हणजे बॅक्टेरियाला राहायला जागा, आणि पंप तीन वॉटचा, इन्व्हर्टरवर रात्रभर चालेल.

२४ फेब्रुवारी

पहाटे फरशीवर पाणी. लाइट गेली, पंप थांबला आणि नळीतून टँकचं पाणी उलटं पंपात, पंपातून खाली. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नाही, आणि इन्व्हर्टरच्या पॉइंटला जोडायचं ‘उद्या करू’ म्हणून राहिलेलं. बारा वर्षं मेंटेनन्सला आहे मी. मिलमध्ये असं कुणी केलं असतं तर काय बोललो असतो ते इथे लिहीत नाही.

व्हॉल्व्ह लावला. पंप टँकच्या वर फळीवर. पॉइंट बदलला.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

ऑफिसला सुट्टी, मिल चालू. संध्याकाळी आलो तर टँकच्या तळाशी पांढरे कण. आईने चमचाभर भगर टाकली होती. ‘‘आज यास्ले बी फराळ.’’

नळीने ओढून काढली. हायड्रिलात अडकलेली निघाली नाही. खाद्याची डबी आता कपाटात वरच्या खणात.

२७ फेब्रुवारी

अमोनिया ०.५, नायट्राइट ०.२५. नायट्राइट पहिल्यांदा दिसलं. आकाशी रंगात जांभळी झाक. पहिला एलिव्हेटर फिरायला लागला. भगरीपायी चाळीस टक्के पाणी बदललं.

१ मार्च, शनिवार

भुसावळला राहणाऱ्या एका दोस्ताचा टँक तीन वर्षं चालू आहे. त्याने आपल्या फिल्टरच्या स्पंजचा चार बोटं रुंद तुकडा कापून दिला. तपकिरी, पिळला तर चहासारखं पाणी. ज्या घाणीला एरवी आपण घासून काढतो तीच मागायला गेलो होतो. स्टीलच्या डब्यात त्याच्याच टँकचं पाणी, त्यात बुडवून, झाकण अर्धं सैल, कारण हवा लागते. भुसावळ ते जळगाव अर्धा तास, पण गाडी आउटरला वीस मिनिटं उभी राहिली. शेजारच्या बाईंनी विचारलं, कसली भाजी आहे? सांगितलं. त्या खिडकीकडे सरकून बसल्या.

तुकडा रबर बँडने नव्या स्पंजवर बांधला. ज्याच्याकडून घ्यायचा त्याच्या माशांना रोग नाही ना, हे आधी विचारून घेतलं होतं. दुकानातल्या टँकचा स्पंज याच कारणासाठी घेतला नाही.

तिथल्याच दुकानात ‘बॅक्टेरियाची बाटली’ही पाहिली. लेबलवर नायट्रोबॅक्टर. टँकमध्ये नायट्राइट खाणारे मुख्यतः नायट्रोबॅक्टर नसून नायट्रोस्पायरा असतात, असं होवानेक नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं. बाटली ठेवून दिली.

५ मार्च

अमोनिया ०.२५. नायट्राइट १.०. नायट्रेट ५. तापमान २८.

८ मार्च

नायट्रेट पुन्हा ५ आलं तेव्हा संशय आला. किटच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलंय, दुसरी बाटली अर्धा मिनिट जोराने हलवा. त्यातली पूड तळाशी बसलेली असते. ओट्यावर आपटून हलवली, पुन्हा टेस्ट केली, २०. म्हणजे ५ तारखेचं रीडिंगही खोटं. वहीत लाल शाईने गोल केलाय.

९ मार्च, रविवार

नायट्राइट २.०. अमोनिया जेमतेम ०.२५.

आकडा कमी झाला म्हणून हायसं वाटायला नको. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात जातं आणि रक्ताला प्राणवायू वाहून नेऊ देत नाही. पाण्यात हवा भरपूर, तरी मासा धापा टाकतो. कल्ले लालऐवजी तपकिरी दिसायला लागतात. मोठ्या मादीचं कल्ल्याचं झाकण उघडताना टॉर्च मारून पाहिलं, आत जुन्या वाळलेल्या रक्ताचा रंग.

उपाय स्वयंपाकघरात निघाला. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांवर नायट्राइटची वाट अडवतं. लिटरला एक ग्रॅम मीठ, म्हणजे ५५ ग्रॅम. घरात पापड-कुरडयांचा हंगाम, जाडं मीठ डबाभर. आईच्या वजनकाट्यावर तोलून, मगभर पाण्यात विरघळवून तासाभरात तीन वेळा घातलं. आधी निम्मं पाणी बदललं ते वेगळं. यापुढे जेवढं पाणी काढीन तेवढ्याच पाण्यापुरतं मीठ परत घालायचं. निम्मं काढलं तर साडेसत्तावीस. पुन्हा पूर्ण ५५ घातलं तर वाढत जाईल, मीठ उडून जात नाही.

११ मार्च

चूक, आणि सगळी माझी.

होळीसाठी घर धुवायला काढलेलं, ड्रम रिकामा. पहाटे पाचला नळ आला. ड्युटीला जायची घाई, म्हणून पाइप थेट टँकमध्ये धरला. वीस लिटर गेलं असेल तोवर नाकाला वास आला. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, जत्रेच्या गावात विहिरीला येतो तसा. मासे क्षणात वर. एक मॉली आडवी होऊन गोल फिरायला लागली. अँटी-क्लोरीनची बाटली शोधण्यात पाच मिनिटं गेली, ती पोरीच्या रंगपेटीत सापडली.

स्पंजमधले बॅक्टेरिया किती मेले कुणास ठाऊक. संध्याकाळी अमोनिया ०.५. मागे सरकलो.

१२ मार्च

तीच मॉली सकाळी तळाला. नायट्राइटने गेली की क्लोरीनने, सांगता येणार नाही. दोन्ही माझ्याच हातचं. लगेच बाहेर काढली, मेलेला मासा तासातासाने अमोनिया वाढवतो. पोरीने कढीपत्त्याच्या कुंडीत पुरली, वर खडीतला निळा दगड ठेवला.

अँटी-क्लोरीन आता टँकच्या फळीवर, दोऱ्याने बांधलेली.

१४ मार्च, धुळवड

टँकवर चादर. पोरांना अंगणाची हद्द. अमोनिया ०.२५, नायट्राइट २.०. तीस टक्के पाणी बदललं, मीठ १६ ग्रॅम.

१७ मार्च

रात्री तीन तास लाइट नव्हती. पंप इन्व्हर्टरवर बुडबुडत होता, पंखा बंद. मासे आमच्यापेक्षा सुखात झोपले.

१९ मार्च, रंगपंचमी

अमोनिया ०. तीनदा पाहिला, उन्हात, सावलीत, पुन्हा उन्हात. लिंबासारखा पिवळा. नायट्राइट १.०. पाणी ३० अंश.

उष्णतेबद्दल एक. पाणी तापलं की बॅक्टेरिया जोमात वाढतात, पण त्याच पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० ला साडेसात. माशाला लागतो, बॅक्टेरियालाही लागतो. एअर पंपाचा नॉब पूर्ण उघडला.

२२ मार्च

नायट्राइट ०.२५.

२५ मार्च, मंगळवार

०, ०, नायट्रेट ४०. अडतिसावा दिवस.

हिला म्हटलं, टाकी मुरली. ही म्हणाली, लोणचं आहे का?

लगेच मासे आणणार नाही. आतापर्यंत खाद्य अर्ध्या चिमटीवर होतं, म्हणजे बॅक्टेरियाही तेवढ्याच कामाला पुरेसे. उद्यापासून तीन दिवस पूर्ण चिमटी, दोन वेळा, आणि रोज रीडिंग. लोड न देता मशीन ट्रायलला पास करत नाहीत.

२८ मार्च

०, ०. तिन्ही दिवस. नायट्रेटसाठी निम्मं पाणी बदललं. या वेळी मीठ परत घातलं नाही, बदलता बदलता संपेल.

३० मार्च, गुढीपाडवा

पोरीला सकाळी हायड्रिलाच्या बुडाशी ‘डास’ दिसले. डास नव्हते, मोठ्या मादीची पिल्लं. मॉली अंडी घालत नाही, जिवंत पिल्लंच देते. अकरा मोजली, दुपारी नऊ. दोन कुठे गेली ते पोरीला सांगितलं नाही, आयांनीच खाल्ली असतील. नवीन मासे आणायचा प्रश्न तूर्त मिटला. ही नऊ वाढली तरी भार हळूहळूच वाढेल, तेवढ्या वेळात बॅक्टेरियाही वाढतील.

६ एप्रिल

०, ०, २०. स्पंज पहिल्यांदा पिळला, टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत, दोनदा हलकेच. भुसावळचा तुकडा तसाच बांधलेला ठेवलाय.

२० एप्रिल

बाहेर ४३, टँक ३३. वरची काच काढून जाळी टाकली, छोटा पंखा पाण्यावर तिरपा लावला. दोन तासांत ३०. पण रोज दीड-दोन लिटर उडतं. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात, म्हणून भर आरओच्या पाण्याने घालतोय. बदलायला मात्र ड्रमचंच.

२७ एप्रिल, रविवार

बुधवारी अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. ही आणि पोरगी चोपड्याला चार दिवस, सोडायला मीही जाणार, आमरसाचं जेवण चुकवण्यात अर्थ नाही. घरी आई एकटी.

वर्तमानपत्राच्या चार पुड्या बांधल्या, वैद्य बांधतात तशा. प्रत्येकीवर वाराचं नाव. एकेका पुडीत एक चिमूट, पिल्लांसाठी त्यातलंच बोटांनी चुरून. डबी माझ्या बॅगेत. मामाला फोन करून सांगितलंय की या वेळी पोरीला काही द्यायचंच असेल तर आंबे दे.

आईने एक पुडी सोडून पाहिली. चष्मा कपाळावर केला, पुन्हा पाहिली.

‘‘इतलंच? उपाशी मरतीन त्या.’’

पाचवी पुडी मागतेय. दिली नाही. भगरीचा डबा मात्र कुठे ठेवलाय ते सापडत नाहीये.